वारा पडतो तेवढ्यात

राजिवड्यात, जेटीच्या मागच्या गाळ्यात,
ट्रॉलरचे शाफ्ट आणि डिझेलच्या टाक्या यांच्या मधे
सायकलचा एक पुढचा चिमटा टांगलेला होता, उलटा,
सोललेल्या कोंबडीसारखा.
अर्धा लोखंडाचा, अर्धा खाऱ्या हवेचा.
नखानं ओरखडलं की पापुद्रा निघे.

ती सायकल अनंत सुर्व्यांनी बोटीवरनं आणलेली, रॉटरडॅमहून,
जाड टायरची, डोंगरात हाणायची.
आमच्या कातळावर दोन वर्षं हाणली.
तिसऱ्या वर्षी चिमट्यानं मान टाकली.
"दुसरा बनव," म्हणाले,
"समुद्राला चावता येणार नाही असा."

नझीरमामूंनी बराच वेळ कान खाजवला.
मग लोट्याच्या केमिकल कंपनीच्या भंगारातून
नळ्या आणल्या, राखाडी,
इतक्या हलक्या की मला वाटलं, फसवलं यांना.
"टायटॅनियम," मामू म्हणाले, हळूच,
नव्या सुनेचं नाव घ्यावं तसं.

मी सोळाची. माझं काम पुसायचं.
अ‍ॅसिटोन, पांढरं फडकं, कोरे हातमोजे.
बोटाचा एक ठसा राहिला तर जोड तिथंच तडकणार.
आमच्या घरात उशीलासुद्धा बांगड्याचा वास,
आणि मी एका नळीला
माणूस लागू देत नव्हते.

नळीचं तोंड कानशीनं कोरायचं,
दुसऱ्या नळीवर असं बसायला हवं
की मधून उजेड येता कामा नये.
मामू बल्बसमोर धरत.
केसाएवढी फट. पुन्हा कानस.
एका तोंडाला दोन दिवस.
सुर्वे रोज येऊन चहा पिऊन जात.

पहिला जोड दुपारी केला.
खारा वारा खाडीतून थेट दारात,
आर्गॉन गेला उडून.
जोड निळा पडला, मग त्यावर पांढरी राख.
मामूंनी व्हाइसमध्ये धरून हातोडी मारली, एकच.
काचेसारखा तुटला.
चार दिवस ते फक्त ट्रॉलरचंच बघत होते.

मग म्हणाले: खारा वारा तिन्हीसांजेला दमतो.
मतलई सुटायला रात्र व्हावी लागते.
मधे थोडा वेळ असा असतो
की होड्यांचे बावटे नुसते लोंबतात.
"तेवढ्यात."

मगरिब झाली की दार लावायचं, पंखा बंद,
फटींत ओली पोती.
नळीच्या एका टोकानं आर्गॉन आत,
दुसऱ्या टोकाच्या टेपला मी टाचणीनं भोक पाडायचं
आणि आतली हवा निघेपर्यंत मोजायचं, तीनशे.
श्वास रोखायची गरज नव्हती.
मी रोखायचे.

काच वर केली तेव्हा
जोडाचे मणी आडव्या पडलेल्या नाण्यांच्या चळतीसारखे,
चांदीचे, कडेला किंचित गवती.
त्या रात्री एकच झाला.
एकूण अकरा होते, आणि वारा काही रोज पडत नाही.

सव्वा महिन्यानं मिरकरवाड्यात
सुरमईच्या काट्यावर चिमटा तोलला: साडेसातशे ग्रॅम.
काटेवाली म्हणाली, "एवढ्याशाला सव्वा महिना?
तेवढ्यात माझी सून बाळंत झाली."

परत येताना मामू मांडवीला थांबले,
मूठभर काळी वाळू उचलून म्हणाले, "ह्यातच असतं ते."
जन्मभर मी तळव्यांची धुऊन टाकत आले होते.

सुर्वे गेले. सायकलचा सांगाडा दोनदा बदलला,
चाकं किती वेळा, देव जाणे.
मामूही गेले. चिमटा आहे.

परवा पुण्याचा एक मुलगा आला,
जुना माल शोधत फिरणारा, बरे पैसे देणारा.
भिंगातून एकेक जोड बघत होता,
डाव्या ब्रेकच्या खुंटीशी थांबला.
"हा जरा निळसर आहे," म्हणाला. "इथं काय झालं?"

इथं अम्मीनं जेवायला हाक मारली होती,
आणि मी दार उघडलं होतं, बोटभर.

मामू ओरडले नाहीत. हातोडीही मारली नाही.
तो जोड अजून धरून आहे.
का, ते मला विचारू नका.
मी त्या मुलाला विकला नाही, एवढंच.